उपासाचा वार

सोमवारचा चुर्मा दर वेळी कमी पडतो. पाव किलो कणीक जास्त घेतली तरी कमीच पडतो, कारण तुपाचा वास भिंत ओळखत नाही. किस्से मात्र उरतात. चुर्मा वाटून होतो, बाया पदराला हात पुसून बसतात, आणि कोणी ना कोणी असं काही बोलून जातं की ते पुढच्या सोमवारपर्यंत पुरतं. असे किती सोमवार गेले. आता डबा भरलाय, म्हणून थोडे काढून ठेवते.

आमचं घर वडशाला, तांदळाच्या गिरणीच्या मागच्या गल्लीत. घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे, म्हणजे मामाजी. आमचे हे. कॉलेजात जाणारी मुलगी रुची. आणि मी. सोमवारी कहाणीला आणखी दोघी असतात. एक शेजारची रजियाभाभी, जी ब्लाऊज शिवते. दुसरी जनाबाई, जी जंगलातल्या गावाहून पहिल्या बसने बाजाराला येते आणि टोपली रिकामी झाली की परतीच्या बसपर्यंत आमच्या ओसरीत टेकते. रजियाभाभीचा धर्म वेगळा, जनाबाईचे देव वेगळे. पण कहाणी ऐकायला तेवढं आडवं येत नाही.

यंदाच्या श्रावणापासून सोळा सोमवार मी धरले ते रुचीच्या नोकरीसाठी. मधेच मागणं बदलावं लागलं. महादेवाला म्हटलं, नोकरीचं मागाहून बघ, आधी आत्याबाईंना याच घरात, मामाजींजवळ राहू दे. का म्हटलं, ते ओघात येईलच.

*

आधी आत्याबाईंची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मामाजींचं नाव सोमाजी. आत्याबाईंनी ते कधी उच्चारलं नाही, हे तर झालंच. त्यांच्या वयाच्या कोणत्याच बाईने नवऱ्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. पण आत्याबाई एक पाऊल पुढे. नाव वारात येतं म्हणून त्या वारही उच्चारत नाहीत. रविवारनंतर त्यांच्याकडे थेट 'उपासाचा वार' येतो आणि त्यानंतर मंगळवार.

नवी नवरी होते तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "आत्याबाई, उपास कोणत्या वारी धरू?"

"उपासाच्या."

"हो, पण कोणत्या?"

"जो उपासाचा आहे, त्याच वारी वो. उपासाच्या वारी नाई धरशीन तं कवा धरशीन?"

मी दोन आठवडे गुरुवार धरला.

*

रुचीच्या एका तोंडात तीन मुली राहतात. कॉलेजच्या मॅडमशी फोनवर बोलताना ती 'मी आले होते, मॅम' अशी पुस्तकातली मराठी बोलते. आजीशी बोलताना 'काऊन वो आजी, चा पेली का?' आणि मैत्रिणींशी बोलताना हिंदी, त्यात पल्लवी नावाच्या मुलीलाही 'भाई'.

आत्याबाईंनी हे 'भाई' बरेच दिवस ऐकून घेतलं. एकदा विचारलं, "कोन भाऊ आहे वो फोनवर?"

"पल्लवी आहे, आजी."

"पोरगी?"

"हो."

दोन दिवसांनी रुची कॉलेजातून आली, चप्पल भिरकावली आणि सवयीने मलाच म्हणाली, "भाई, भूक लागली यार."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ तं नाई तुले. माय आहे घरी, तिले सांग."

*

रजियाभाभीचा मोबाइल एकदा बाजारात पडला. सापडला तो एका मोबाइल दुकानातल्या पोराला. त्याने चांगुलपणाने मालकिणीच्या नवऱ्याला फोन लावायचं ठरवलं. 'हजबंड' शोधलं, नाही. 'हबी' शोधलं, नाही. शेवटी सगळ्यात वर 'सोमवार भाभी' असा नंबर होता, तिथे लावला. ती मी.

मी आणि रजियाभाभी दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, "काकू, यात मिस्टरांचा नंबरच नाहीये."

"है ना," रजियाभाभी म्हणाली. "वो क्या, 'सुनो'."

"ते नाव आहे? मला वाटलं गाण्याचं काही असेल."

घरी येऊन रुची इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने माझा मोबाइल उघडला. आमच्या ह्यांचा नंबर 'अहो' नावाने. आणखी हसली. मी म्हटलं, तुझ्या पल्लवीचं लग्न ठरलंय ना, तिने त्याचा नंबर काय नावाने ठेवलाय तेवढं सांग.

रुचीचं हसू थोडं आटलं. "डुग्गू."

रजियाभाभी म्हणाली, "लो. तीन पीढी, और एक भी मरद का नाम नहीं."

आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "आमच्या टायमाले फोनच नोता. ते आंगनात खोकलत, मले समजे."

"काय समजे वो आजी?" रुचीने विचारलं.

"सारंच. पानी पाह्यजे असन तं एक खोकला. पाव्हना आला असन तं दोन."

"अन् तुले त्याइले काई सांगाचं असन तं?"

"मंग मी बांगड्या वाजवो."

मामाजी तेव्हा अंगणात खाटेवर होते. ते खोकले. आत्याबाई उठून पाणी घेऊन गेल्या.

*

माझे दीर नागपूरला मोठ्या हुद्द्यावर आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते, गल्ली साहेब म्हणते. मनाने मऊ माणूस, पण साहेब म्हणवून घ्यायची सवय अंगाला लागलेली. एका सोमवारी ते आले तेव्हा ओसरीत जनाबाई बसली होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "तू कवा आला रे? जेवला का?"

भाऊजी आत येऊन मला हळूच म्हणाले, "वहिनी, ही बाई मला अरे-तुरे करते."

जनाबाईचे कान तिखट. जंगलात राहायचं तर ठेवावेच लागतात. तिथूनच म्हणाली, "बाबू, माह्या पेनालेही मी तूच मनतो." पेन म्हणजे त्यांच्या बोलीत देव. "तू त्याच्याऊन मोठा असशीन तं सांग. तुले 'आपन' मनतो."

भाऊजी हात धुवायला गेले. जेवताना मात्र जनाबाईने आणलेल्या सात्यांची भाजी त्यांनी तीनदा वाढून घेतली. सात्या म्हणजे आमच्याकडची रानातली अळंबी, ती मागताना साहेबपणा टिकत नाही. निघताना ओसरीत थांबून म्हणाले, "जनाबाई, येतो मी."

"ये," जनाबाई म्हणाली. "तुया मायले पाहाले येत जाय."

*

हे सगळं हसण्याचं चाललं असताना श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आत्याबाईंना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. हात महिन्याभरात परत आला. बोलणं आलं नाही. डोळे सगळीकडे फिरायचे, ओठ हलायचे, आवाज नाही.

आमच्याकडे कहाणीला हुंकार लागतो. सांगणारी सांगते आणि ऐकणारी प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणते. हुंकार नसेल तर कहाणी भिंतीला सांगितल्यासारखी, तिचं फळ नाही. आत्तापर्यंत कहाणी आत्याबाई सांगत, तोंडपाठ, आपल्या बोलीत. हुंकार आम्ही देत असू, आणि डोळे मिटूनही कळे कोणाचा कोणता. जनाबाई 'इंगो' म्हणते, ते त्यांचं 'हो'. रजियाभाभी 'हाव, फिर?' म्हणते, म्हणजे तिला पुढचं ऐकायची घाई. रुची 'ओके' म्हणते. मी 'हूं' म्हणते, सुनेचा असावा तसा, बारीक.

आता कहाणी सांगायची माझ्यावर आली. मला पाठ नाही, म्हणून मी पोथीतून वाचू लागले. पाचव्या सोमवारी जनाबाईची बस चुकली, रजियाभाभी शेजारी घाईचं ब्लाऊज शिवत होती आणि रुची कानात गाण्याचं ते बोंडूक घालून बसली होती. मी एक वाक्य वाचलं आणि थांबले. हुंकार नाही. शिलाई मशीन तेवढं खडखडत होतं.

मग खाटेवरून आला. "हूं."

मी पुढचं वाक्य वाचलं. "हूं." आणखी एक. "हूं." मला अक्षरं दिसेनाशी झाली, पण थांबायची हिंमत होईना, न जाणो पुन्हा बंद झालं तर. कहाणी संपली तशी मी ती पहिल्यापासून धरली. दुसऱ्यांदा संपली. तिसऱ्यांदा सुरू करणार, तेवढ्यात आत्याबाईंनी दुसरा शब्द काढला.

"पुरे."

*

त्यानंतर शब्द येऊ लागले, एकेक, सुटे. तांदळातले खडे वेचावे तसे त्या शब्द वेचून ठेवत. 'पानी.' 'नाई.' 'बस.' रुचीने त्यावर मत दिलं, "आजी आता व्हॉट्सअॅपसारखी बोलते." कोणाला वाईट वाटायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हाव."

कार्तिकात भाऊजींचा फोन आला. ब्रह्मपुरीला एक चांगले डॉक्टर सोमवारी येतात, आईला दाखवा, डोकं कितपत ठीक आहे ते बघू द्या. मामाजी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात होते, चुरणं चाललं होतं, म्हणजे मळणी. माझा उपास आणि कहाणी. आमचे हे एकटे आत्याबाईंना घेऊन गेले.

परत आले ते चेहरा पाडून. दहा प्रश्नांचा एक कागद होता. त्यातले निम्म्याहून जास्त चुकले. डॉक्टरांनी लिहिलं, स्मरण फार कमी झालेलं, एकटं ठेवू नये, चोवीस तास लक्ष हवं.

भाऊजींनी लगेच ठरवलं. नागपूरला सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे, बाई ठेवता येईल, मोठे दवाखाने जवळ. प्रेमानेच म्हणत होते. मामाजींना विचारलं तर ते म्हणाले, "बांधी कोन पाह्यन?" म्हणजे त्या तिकडे आणि ते इकडे. इतकी वर्षं एका अंगणात खोकून आणि बांगड्या वाजवून बोललेली दोन माणसं.

आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाई." पण ज्याचं डोकं ठीक नाही त्याचं 'नाई' कोण धरतं?

मी महादेवाकडे मागणं बदललं ते त्या संध्याकाळी.

*

पुढच्या सोमवारी चुर्मा तसाच राहिला. जनाबाई म्हणाली, "तो कागद आन बरं. काय विचारलं मायले?"

मी आणला. रुचीने वाचायला घेतलं.

"प्रश्न, आपण आत्ता कुठे आहोत? आजीचं उत्तर, 'इथी.' चूक."

जनाबाई म्हणाली, "मंग कुठी होती ते?"

"प्रश्न, तुमचं वय किती? उत्तर, 'लेकाले विचारा.' चूक."

"ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनाही आलं नसतं," मी म्हटलं.

"प्रश्न, हा महिना कोणता? उत्तर, 'चुरन्याचा.' चूक. आज वार कोणता? उत्तर..." रुची थांबली. तिने आजीकडे पाहिलं. "उत्तर, 'उपासाचा.' चूक."

रजियाभाभीने टाके घालता घालता सुई थांबवली. "आगे पढ़."

"पतीचं नाव काय? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारलं, रुग्णाने डोक्यावर पदर घेतला." रुचीने कागद खाली ठेवला. "कंसात लिहिलंय, 'गोंधळलेली'."

आधी जनाबाई हसली. मग रजियाभाभी, इतकी की मांडीवरचं ब्लाऊज खाली पडलं. "या अल्ला, मेरी सास से पूछते तो वो डॉक्टर को झाडू मारती." मग मीही हसले, आणि हसताना रडले. खाटेवरून आत्याबाई आमच्याकडे पाहत होत्या. एवढं हसण्यासारखं काय आहे, असा चेहरा.

हे घरी आले तेव्हा त्यांना विचारलं, "तुमच्या आईने मामाजींचं नाव कधी घेतलेलं ऐकलंत का हो?"

"नाही गं. का?"

पोटचा मुलगा, आणि त्याच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. ज्या नावाने घरात कधी हाकच ऐकू आली नाही, ते कोणी टाळतंय, हे पुरुषांना कसं कळणार?

रुचीने काकाला लांबलचक मेसेज लिहिला. भाऊजींचं उत्तर आलं, "वहिनींची माया मी समजू शकतो. पण तपासणी ती तपासणी." मग तासाभराने दुसरं आलं. पुन्हा एकदा दाखवू, भाऊजी स्वतः येतील, पण खोलीत कोणी उत्तर सुचवायचं नाही. मी तर अजिबात तोंड उघडायचं नाही.

*

दिवस मिळाला तो नेमका माझा सोळावा सोमवार. व्रत मोडता येईना, जाणं चुकवता येईना. मग सकाळी पूजा उरकली, चुर्म्याचा डबा मांडीवर घेतला आणि कहाणी ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर गाडीत वाचली. समोर ड्रायव्हरजवळ हे. मागे मी, आत्याबाई आणि मामाजी. मामाजी या वेळी धान टाकून आले होते, धुतलेलं धोतर नेसून. हुंकार त्यांनी दिला. खड्डा आला की हुंकार मोठा व्हायचा.

डॉक्टर तरुण होते, सांगली-कोल्हापूरकडचे असावेत. गोड माणूस. "या आजी, बसा. बरं वाटतंय का आता?"

"हाव जी."

भाऊजी दाराशी हात बांधून उभे. हे त्यांच्याजवळ. मी कोपऱ्यात, ओठ घट्ट मिटून, मनात जप चालू. मामाजी स्टुलावर, आत्याबाईंच्या जरा मागे.

"आपण आत्ता कुठे आहोत, आजी?"

"दवाखान्यात." एकेक अक्षर वेचत. "मागच्या... डावही... इथीच होतो."

डॉक्टर हसले, काहीतरी लिहिलं. मुलं किती, नातवंडं किती, सगळं बरोबर आलं. हळूहळू, पण आलं. मग त्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि विचारलं, "आजी, पतीचं नाव काय?"

आत्याबाई गप्प.

"तुमच्या मालकांचं नाव?"

गप्प. हात पदराकडे गेला. भाऊजींनी खाली बघितलं.

तेवढ्यात मागून मामाजी खोकले. एकदा. आत्याबाईंच्या उजव्या हातातल्या, महिनाभर लुळ्या पडलेल्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

"डाक्टर सायेब," मामाजी म्हणाले, "असं नाई विचारत जी. बाईमानसाले असं विचारलं तं ते सांगन का? 'नाव घ्या' मना."

"उत्तर सुचवायचं नाही, बाबा," भाऊजी म्हणाले.

"मी कुठी उत्तर सांगितलं? सवाल सांगितला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर मामाजींकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे. मग जरा पुढे झुकून, हळदीकुंकवाला आलेल्या बाईने म्हणावं तसं म्हणाले, "आजी, नाव घ्या."

आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला, नीट केला, आणि तीन महिन्यांत तीन शब्द सलग न बोललेल्या बाईने एका दमात म्हटलं,

"धानाच्या बांधीत पानी भरलं काठोकाठ,
सोमाजीरावाचं नाव घेते, डाक्टर, सोडा माही वाट."

भाऊजी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसू लागले. मामाजींचे कान लाल झाले होते, या वयात. डॉक्टरांनी आधीचा कागद फायलीतून काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि भाऊजींना म्हणाले, "यांना नागपूरला कशाला नेता? आहेत तिथेच चांगल्या आहेत. गोळ्या चालू ठेवा." मग नव्या कागदावर लिहिता लिहिता थांबले. "एक रकाना राहिला, आजी. फॉर्म पुरा करायचा म्हणून विचारतो. आज वार कोणता?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वळून मामाजींकडे पाहिलं. पदर पुन्हा पुढे ओढला आणि म्हणाल्या,

"आता एकडाव घेतलं ना जी. दोनदा कोन घेते?"